गुंतवणूक कंपन्यांच्या कायद्यावर तुमचं मत

बाबा, गुंतवणूक कंपन्यांच्या कायद्यावर आपण तिघांनी स्वयंपाकघरात मतदान केलं, त्या रविवारी तुम्ही फुली कुठल्या चौकोनात मारलीत, एवढंच मला विचारायचं आहे. बाकीच्या गोष्टी मी माझ्यापुरत्या लावून घेतल्या आहेत. तुमचं अचानक जाणं, आईचं त्यानंतरचं वागणं, शिक्षण संपल्यावर मी इथेच टेक्सासात, प्लेनोत नोकरी धरणं, यांतल्या कशाबद्दल माझी तुमच्याकडे तक्रार नाही. ती एक फुली मात्र लागत नाही. मराठीतून लिहिते आहे, कारण तुमच्याशी इंग्रजीतून बोलल्याचं मला आठवत नाही. शुद्धलेखन बिघडलं असेल. तुम्ही दर रविवारी माझ्याकडून एक पान लिहून घ्यायचात, ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. ऑफिसात मी दिवसभर लिहिते, पण ते टेलिफोनच्या स्विचबद्दल असतं आणि त्यात कुणी कुणाला हाक मारत नाही.

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं, हे मी बाहेर कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी गंमत करते आहे. बैठकीच्या खोलीतला गालिचा बदलायचा का, सुट्टीत समुद्राकडे जायचं की डोंगरात, मला पियानो लावायचा का. तुम्ही कॉलेजात अमेरिकन मुलांना त्यांचंच नागरिकशास्त्र शिकवत होतात आणि घरी आल्यावरही तो विषय तुमच्या अंगावरून उतरत नसे. कागदाचे तीन सारखे तुकडे, प्रत्येकावर दोन चौकोन, एकावर हो, एकावर नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त फुली मारायची. घडी घालून पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग तुम्ही डबा हलवायचात, जणू तीन तुकड्यांत काही मिसळायचं शिल्लक असतं, आणि निकाल उभं राहून वाचायचात. आई ओट्याशी भाजी निवडत म्हणायची, "तीन माणसांत कसलं आलंय गुप्त मतदान! कुणाचा चेहरा पडला ते बघितलं की झालं." तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच चेहरा पाडायचा नाही. तो नियमच आहे." तुमचा चेहरा कधी पडलेला मी पाहिला नाही. पियानो दोन विरुद्ध एकने नापास झाला, तेव्हा माझाच पडला होता.

गुंतवणूक कंपन्यांचं प्रकरण तुम्हाला कॅलिफोर्नियात शिकत असताना सापडलं होतं, आणि ते तुम्ही दरवर्षी वर्गात घ्यायचात. त्या वर्षी ते आधी आमच्यावर घेऊन बघितलंत. तुम्ही सांगत होतात ते मला अजून ऐकू येतं, कारण तुम्ही गोष्ट सांगत नव्हतात, पुरावा मांडत होतात. युरोपात पहिलं महायुद्ध नुकतं पेटलेलं. कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क मिळून थोडीच वर्षं झालेली. दारोदार फिरून शेअर विकणारे लोक सगळीकडे. कुणी खाणीचे विकतो, कुणी तेलाच्या विहिरीचे, आणि खाण कधी कधी खरोखर असते, कधी कधी नुसती एक टेकडी असते. मग तिथल्या विधिमंडळाने कायदा केला, की अशा कंपन्यांनी आधी आपली सगळी कागदपत्रं राज्याने नेमलेल्या एका अधिकाऱ्याला दाखवावी, त्याने परवानगी दिली तरच लोकांना शेअर विकावे. ज्यांना हा कायदा नको होता त्यांनी सह्या गोळा करून तो लोकांपुढे मतदानाला आणला. त्या निवडणुकीची मतपत्रिका इतकी लांब होती, की माणसं मधेच कंटाळून पुढचं कोरं सोडत असतील, असं तुम्ही म्हणालात.

आईने तिथेच तुम्हाला अडवलं. "थांबा. सह्या ज्यांनी केल्या त्यांना कायदा नको आहे. मग त्यांनी मत काय द्यायचं?"

"नाही."

"आणि ज्यांनी सह्या केल्या नाहीत, त्यांनी हो?"

"कायदा हवा असेल तर हो."

"म्हणजे प्रश्न ज्यांनी आणला, तेच नाही म्हणणार? हे तुमचं अमेरिकेचं काहीतरी उफराटंच असतं."

तुम्ही हसलात आणि म्हणालात की वर्गातली निम्मी मुलंही इथेच अडतात, फक्त ती इतक्या प्रामाणिकपणे सांगत नाहीत. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला सगळं स्वच्छ समजलं होतं. मी म्हटलं, यात विचारायचं काय आहे, जो नाही म्हणेल तो मूर्ख किंवा चोर.  तुम्ही आवाज चढवत नसा, उलट उतरवायचात, आणि ते जास्त वाईट असायचं. म्हणालात, "दुसऱ्या बाजूला एकही शहाणा माणूस दिसत नाही, असा प्रश्न आपल्याला समजलेला नसतो. आता उठ, आणि नाहीच्या बाजूने बोल. मी थांब म्हणेपर्यंत." मी उभी राहिले. काय बोलायचं ते सुचेना. एका माणसाच्या हातात सगळ्यांची परवानगी देणं धोक्याचं आहे, असं काहीतरी म्हटलं. तुम्ही थांब म्हणेनात. मग आईच मधे पडली, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलली. म्हणाली, माझ्या नवऱ्याने मिळवलेला पैसा मी कुठे बुडवायचा, हे कोण कुठला अधिकारी मला सांगणार? मला काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्याने ठरवायचं? माझ्या बापाने ठरवलं, मग तुम्ही ठरवलंत, आता हा तिसरा. भाजीची सुरी हातात धरून ती बोलत होती. तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्ही टाळ्या वाजवल्या.

निकाल आला, दोन हो, एक नाही. मी हो केलं होतं. बाहेर कॅलिफोर्नियातही कायदा टिकला होता, फार मोठ्या फरकाने नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आपल्या घरातलं नाही कुणाचं, याचा विचार मी केलाच नाही. तो करायचं कारण नव्हतं. आई अर्धा तास सुरी हलवून बोलली होती.

तुम्ही कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोसळून गेलात, तेव्हा आम्हाला फोन करणारे काका तुम्हाला आठवत असतील. आठवत असतील म्हणजे काय, तुमचे सगळ्यात जवळचे मित्र तेच होते. नागपूरचे, मोठ्याने हसणारे, प्रत्येक वाक्यात एक यार घालणारे. तुमच्यानंतर त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते तुम्हाला माहीत असायला हवं. अंत्यसंस्कार कुठे करायचे हे आईला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच, ते त्यांनी पाहिलं. काकू पंधरा दिवस आमच्याकडे राहिल्या. आईला गाडी येत नव्हती. काकांनी तिला रोज संध्याकाळी चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये नेऊन गाडी शिकवली. मी मागच्या सीटवर बसायची. "वहिनी, ब्रेक! वहिनी, तो खांब आहे, खांब बाजूला होत नसतो यार!" त्या दिवसांत आई जेवढी हसली तेवढी तिथेच, त्या पार्किंगमध्ये. गाडी आली म्हणून तिला शाळेच्या ऑफिसात मुलांची हजेरी लावायची नोकरी धरता आली. ती नोकरी होती म्हणून मी इंजिनियर झाले. यातलं मी काही विसरलेले नाही, आणि पुढचं सगळं सांगताना ते बाजूला काढून ठेवता येत नाही.

मग हे ऐंशीचं दशक सुरू झालं. आपल्याकडे प्लेनोत मोठमोठ्या कंपन्या आल्या, मक्याच्या शेतांवर घरं उठली, प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी जमीन घेऊन दुप्पट केलेला होता. काकांनी नोकरी सोडली. हायवेजवळ एक जुनं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स विकायला होतं, ते सगळ्या मराठी मंडळींनी मिळून घ्यायचं, भाडं येत राहील, काही वर्षांनी विकायचं. त्यांच्या घरी बैठक झाली. बटाटेवडे होते, मुलं वर व्हिडिओ बघत होती, आणि बैठकीच्या खोलीत काकांनी स्टँडवर मोठा कागद लावून बाण काढले होते. बाण सगळे वर जात होते. आईला ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त सही करायची आणि शांत झोपायचं. बाकी मी जागा आहे."

मी विचारलं, "काका, भाडेकरू एकदम निघून गेले तर?"

"एकदम कुठे जातील यार? ढगात?" सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "इंजिनियरीणबाई, तुमचे स्विच बिघडतात. माणसांना राहायला घर लागतंच."

मी हसले नाही. मी खरोखरच एक साधा प्रश्न विचारला होता. कुठली गोष्ट बिघडेल हे बघणं माझं कामच आहे. आम्ही स्विच गरम भट्टीत ठेवतो, थंड करतो, परत तापवतो, आणि शंभरांतले किती मरतात ते मोजतो. शंभरांबद्दल मी खात्रीने बोलू शकते. समोर ठेवलेला हा एक स्विच टिकेल का, असं कुणी विचारलं तर मला काही सांगता येत नाही.

काकांनी दिलेले कागद मी घरी आणून नीट वाचले. त्यांत खोटं काही नव्हतं. सगळे धोके लिहिलेले होते, बारीक अक्षरात, पण लिहिलेले होते. आणि एक गोष्ट होती जी तुम्ही आम्हाला कधी शिकवली नव्हती, किंवा शिकवायच्या आधीच गेलात. त्या जुन्या मतदानासारखी मतदानं करून करून या देशात जे कायदे झाले, त्यांत एक सवलत आहे. ओळखीच्या थोड्या माणसांकडूनच पैसे घ्यायचे असतील, तर कुठल्या अधिकाऱ्याला सगळं दाखवत बसावं लागत नाही. ओळखीची माणसं एकमेकांची काळजी घेतील, असं बहुतेक त्यात धरलेलं असावं. दारावर आलेल्या परक्या माणसापासून कायदा आईला वाचवत होता. ज्याने तिला ब्रेक कुठे असतो ते दाखवलं, त्याच्यापासून वाचवायचं काही कलम नव्हतं. आणि तो माणूस चोर नव्हता, बाबा. त्याने स्वतःचं घरही त्यातच घातलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मला हा प्रश्न सोपा वाटला होता.

आईने ठरवलं होतं की आपलं घर विकायचं, एक छोटं अपार्टमेंट भाड्याने घ्यायचं आणि घराचे पैसे काकांच्या कॉम्प्लेक्समध्ये टाकायचे. यात माझी सही लागणार होती. तुम्ही मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि इथल्या कायद्याप्रमाणे घरातला तुमचा अर्धा हिस्सा आईकडे न जाता माझ्याकडे आला होता. आम्हाला दोघींना ही गोष्ट तोवर नुसती माहीत होती, जाणवली नव्हती. वकिलाकडून आल्यावर आई स्वयंपाकघरात पर्स न काढताच बसली.

"म्हणजे माझं घर मला विकायचं, तर तुझी परवानगी."

मी म्हटलं, "परवानगी नाही. सही."

"तेच ते."

"आई, मी सही करणार नाही."

"का?"

"धोका आहे."

"धोका मला दिसत नाही, असं वाटतं तुला? मी काही आंधळी नाही. मला त्यात पडायचं आहे. सगळे पडतायत. चार माणसांबरोबर काहीतरी करावं असं मला वाटतं, आयुष्यात एकदा. रोज दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी लावते मी. माझी कुठे लागते?"

 मग मी तेच केलं जे मी अडले की करते, तुम्हाला मधे आणलं. मी म्हटलं, "बाबांनी असं होऊ दिलं नसतं. आठवतं, तो गुंतवणूक कंपन्यांचा कायदा? बाबांनी हो केलं होतं. मीही. तू एकटीने नाही केलं होतंस."

 आईने पर्स टेबलावर ठेवली.

"मी हो केलं होतं," ती म्हणाली.

"तू? तू तर भांडत होतीस."

"भांडत होते. तू उभी राहून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतीस आणि ते थांब म्हणेनात. मला तुझी दया आली म्हणून भांडले. पण फुली मारताना म्हटलं, आपल्याला खरंच काय कळतं, असू दे कुणीतरी बघणारा. नाही तुझ्या बाबांचं होतं."

मी म्हटलं, "तू हे आत्ता बनवून सांगते आहेस."

"मग विचार त्यांना," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

म्हणून विचारते आहे. तेव्हापासून मी हे दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं आहे. एका लायब्ररीमार्फत दुसऱ्या लायब्ररीतून त्या जुन्या मतदानाच्या वेळी दोन्ही बाजूंनी काय म्हटलं गेलं, तेही मागवून वाचलं. मला वाटलं होतं, तुम्ही जे वाचलं होतं ते वाचलं की तुमचं मत आपोआप निघेल. नाही निघालं. हो म्हणणारे म्हणत होते की साध्या माणसाकडे कागद तपासायला वेळही नसतो आणि ज्ञानही. नाही म्हणणारे म्हणत होते की एका माणसाच्या हाती इतकी सत्ता दिली तर लहान धंदे उभेच राहणार नाहीत. दोन्ही वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू येत होता, कारण तुम्ही दोन्ही तितक्याच मन लावून शिकवायचात. जर आई खरं सांगत असेल, तर माझे बाबा, जे रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबायचे, त्यांना वाटत होतं की माणसाला बुडायचं असेल तर बुडू द्यावं. जर ती खोटं सांगत असेल, तर सहीसाठी तिने तुम्हाला वापरलं. म्हणजे मी जे करत होते तेच. यांतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

सही मी केली नाही. आईने तो विषय पुन्हा काढला नाही. घर राहिलं.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही वर्गात सांगायला उचललं असतं. तेलाचे भाव कोसळले, त्यामागून नोकऱ्या गेल्या, आणि भाडेकरू खरोखर एकदम निघून गेले. ढगात नाही, दुसऱ्या राज्यांत. कर्ज देणारी संस्थाच बंद पडली. काकांचं कॉम्प्लेक्स गेलं, त्यात घातलेले सगळ्यांचे पैसे गेले, काकांचं घर गेलं. आमचं घर राहिलं, जरी आता त्याला कुणी तेव्हाच्या निम्म्यानेही विचारणार नाही.

मला वाटलं होतं आईला हायसं वाटेल. त्यानंतरच्या संक्रांतीला मंडळींतल्या दुसऱ्या एका काकूंकडे बायका तिळगुळाला जमल्या होत्या, मी आईबरोबर गेले होते. आत बायकांचं मोठ्याने चाललं होतं, कोण कुठे स्वस्त भाड्याने राहायला गेलं, कुणी दुसरी नोकरी धरली, कुणाच्या नवऱ्याने अजून दाढी केलेली नाही, आणि मधेमधे त्या सगळ्या हसत होत्या, एका बोटीतून पडलेल्या माणसांनी काठावर बसून हसावं तशा. आई आत गेली आणि बोलणं थांबलं. घरच्या काकूंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो. तुमच्या घरात इंजिनियर आहे. आमच्याकडे आपले साधे लोक." कुणीतरी हळू म्हणालं, "माहीत होतं तर आम्हालाही सांगायचं." आई हसली. गाडीत बसल्यावर तिने तिळगूळ रुमालात बांधून ठेवला.  मग म्हणाली, "बुडालेल्यांच्यात मी एकटी कोरडी. कशी बसणार त्यांच्यात?"

मी म्हटलं, "तुला बुडायचं होतं का?"

"मला त्यांच्यात राहायचं होतं," ती म्हणाली. "तुला ते कळणार नाही, तू बाबांवर गेली आहेस." हे तिने रागाने म्हटलं की नाही, तेही मला सांगता येणार नाही. आणि ती कुठल्या बाबांबद्दल बोलत होती? हो वाल्या की नाही वाल्या?

महिन्याभरात तिने काका-काकूंना आपल्या घरी राहायला आणलं. मला फोनवर कळवलं. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "ते माझं मी बघेन. का, त्यालाही तुझी सही लागते?" मी म्हटलं, नाही. माझ्या जुन्या खोलीत आता ते दोघं झोपतात. काका एका दुकानात टीव्ही विकतात आणि सांगतात की त्यांच्याइतके टीव्ही तिथे कुणी विकत नाही, ते खरं असणार. काकूंनी स्वयंपाकघरातली सगळी भांडी हलवली आहेत. तिघं रात्री पत्ते खेळतात आणि काका रडीचा डाव खेळतात. त्यांच्यामुळे बाकीची मंडळीही पुन्हा येऊ लागली आहेत. आई जाड झाली आहे आणि मोठ्याने बोलते. तुमच्या मागे तिला इतकं खुशीत मी फक्त त्या पार्किंगमध्ये पाहिलं होतं.

मी रविवारी जाते. परवा गेले तेव्हा काका सिंकशी भांडी घासत होते. बाकी कुणी नव्हतं. त्यांनी मागे न बघता विचारलं, "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, भाडेकरू एकदम गेले तर?"

"हो."

"मी हसण्यावारी नेलं."

"सगळेच हसले."

"तुला दिसत होतं यार सगळं," ते म्हणाले. नळ बंद केला. "तुझे बाबाही असेच. मी कितीदा म्हटलं, चल, मिळून काहीतरी धंदा करू. प्रत्येक वेळी नाही. अरे का नाही? तर म्हणे, माझे आकडे जमत नाहीत. त्यांचे आकडे कधी जमलेच नाहीत. बरं केलंस तू. निदान वहिनींचं छप्पर राहिलं, आणि त्याखाली आम्हीही मावलो." त्यांनी हात अर्धवट पुसून माझ्या डोक्यावर ठेवले, ओलेच.  त्यांना वाटलं मी नम्रपणे गप्प आहे.

तुम्ही त्यांना प्रत्येक वेळी नाही म्हणालात, हे मला नवीन होतं. स्वतःला नाही म्हणणारा माणूस इतरांसाठीही अधिकारी मागेल, की मीच सांभाळतो म्हणून अधिकारी नको म्हणेल? घरी येताना पूर्ण रस्ताभर मी हे मांडत होते. दोन्ही बरोबर बसतं.

बाबा, मला तुमची फुली का हवी आहे, ते लिहिता लिहिता कळलं. तुम्ही हो केलं असेल, तर मी सही न करणं हे तुमचं काम झालं, मी फक्त पुढे चालवलं. नाही केलं असेल, तर ते माझं एकटीचं आहे, आणि मला त्याचं कारण सांगावं लागेल. इथे सगळ्यांनी ते कारण माझ्या वतीने आधीच ठरवून टाकलं आहे. काका म्हणतात, तिला दिसत होतं. तिळगुळाला जमलेल्या त्या बायका म्हणतात, तिला माहीत होतं. आईसुद्धा आल्यागेल्याला सांगते की हिने सगळा हिशोब करून बघितला होता.

हिशोब मी केला होता. रिकाम्या घरांचं प्रमाण, व्याजाचा दर, किती भाडेकरू गेले की कर्जाचा हप्ता निघणार नाही, सगळं स्वच्छ कागदावर. पण सही करणार नाही असं मी आईला स्वयंपाकघरात सांगितलं, तेव्हा त्यातला एक आकडाही मी मांडलेला नव्हता. ते घर विकलं जाऊ नये असं मला वाटत होतं. का, तेही मी नीट सांगू शकत नाही. तिथे मी राहत नव्हते, मला ते नकोही होतं. आकडे मी पुढच्या आठवड्यात मांडले, आणि ते माझ्या बाजूने निघाले.